आवाक्याबाहेरचा ओब्राद

मनुष्यजातीचा सगळा इतिहास म्हणजे हाताला न लागणाऱ्या गोष्टींकडे हात लांबवल्याचा इतिहास आहे. साम्राज्यं त्यासाठी उभी राहिली, धर्म त्यासाठी निघाले, शिखरं त्यासाठीच सर झाली. हे उदात्त वाक्य मला सुचलं तेव्हा मी पलंगाखाली पोटावर आडवा पडलो होतो आणि छत्रीच्या मुठीने माझा वाचायचा चष्मा ओढत होतो. चष्मा भिंतीला जाऊन टेकला होता आणि छत्री त्याला आणखी आत ढकलत होती.

तेवढ्यात दार उघडलं. पलंगाखालून मला दिसले ते फक्त काळे लोकरी मोजे आणि चिखलाचे रबरी बूट.

"भावजी, बाहेर या," स्तामेना वहिनींचा आवाज आला. "आमच्या ह्यांना त्यांनी नेदोस्तुपान केलं."

मी डोकं वर उचललं आणि पलंगाच्या फळीवर आपटलं.

स्तामेना वहिनी म्हणजे माझ्या शेजारच्या ओब्रादची बायको. मोक्री दो या आमच्या गावात धूर निघणारी घरं आता हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच उरली आहेत, आणि त्यांतली दोन आमची. ओब्राद सकाळीच वरच्या कुरणावर गेला होता. उन्हाळ्यात मेंढ्या वर नेतात तेव्हा राहायला तिथे लाकडी खोपटं असतात. त्याच्या खोपटाचं छप्पर हिवाळ्याने उचकटलं होतं. ते ठोकायचं आणि दुपारच्या जेवणाला परत यायचं, असा त्याचा बेत होता.

आता शब्दाबद्दल. नेदोस्तुपान म्हणजे ज्याच्यापर्यंत पोचता येत नाही तो. शब्दकोश एवढंच सांगतो. आमच्याकडे तो सढळ हाताने वापरतात. गावामागचा सुळका नेदोस्तुपान. दाताचा डॉक्टर सुट्टीच्या आदल्या दिवशी नेदोस्तुपान. खालच्या गावातली एक शिक्षिका कोणाहीबरोबर नाचली नाही, ती निवृत्त होईपर्यंत नेदोस्तुपान होती, आणि त्यानंतर तिला कोणी विचारलं नाही. यांतल्या कशालाही कोणी भीत नाही.

वहिनी मात्र हा शब्द कधी उच्चारत नसत. सुळक्यालासुद्धा त्या 'ते तिकडचं' म्हणत. त्याचं कारण गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी बोलत नसे. एकोणपन्नास साली वहिनी लहान होत्या. त्यांचे वडील सरकारला चुकवून एका रात्रीत डोंगरात निघून गेले. दुसऱ्या दिवशी टोपी घातलेला एक माणूस उंबऱ्यावर उभा राहिला आणि त्याने वाचून दाखवलं, की अमुकतमुक हा सत्तेला सध्या नेदोस्तुपान आहे. मग त्याची दोन माणसं हिवाळा संपेपर्यंत त्यांच्या स्वयंपाकघरात बसून राहिली, त्यांच्याच भांड्यातलं खात राहिली. जाताना गाय घेऊन गेली. वडील आले नाहीत. ते मेल्याचंही कोणी सांगितलं नाही. आमच्या देवळात मेणबत्त्या दोन ठिकाणी लावतात, वर जिवंतांसाठी आणि खाली मेलेल्यांसाठी. नेदोस्तुपान माणसाची कुठे लावायची, हे धर्मगुरूंनाही सांगता येईना. वहिनींची आई मरेपर्यंत मेणबत्ती हातात धरून उभी राहायची आणि तशीच घरी घेऊन यायची.

मी चष्म्याचा नाद सोडून सरपटत बाहेर आलो. वहिनींच्या हातात मोबाइल होता. राजधानीत, पोदगोरित्साला असलेल्या त्यांच्या मुलाने, नोवित्साने, ईस्टरला दोन आणले होते, एक आईला आणि एक बापाला. मधलं मोठं बटण दाबलं की दुसऱ्याला फोन लागतो, असं त्याने शिकवलं होतं. आजवर ते बटण कोणी दाबलं नव्हतं, कारण दोघं एकाच खोलीत असत.

"बघा तुम्हीच," वहिनी म्हणाल्या आणि बटण दाबून फोन माझ्या कानाला असा लावला, की जणू तो चावेल.

एक बाई बोलली. आवाज गोड, शहरातला, घाई नसलेला. "आपण ज्यांना फोन केला आहे ते सध्या नेदोस्तुपान आहेत."

वहिनींनी फोन हिसकावला. "पोरी, तू कोणाची? कुठल्या गावची? त्याला गुडघ्याचं दुखणं आहे, त्याला थंडीत बसवू नका गं!"

बाईने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

"ऐकलंत? एकच वाक्य. तेव्हाच्या त्यालाही एकच वाक्य येत होतं."

"वहिनी, ते यंत्र आहे. बाई नाहीच ती."

"तोही यंत्रासारखाच बोलत होता."

"अहो, फोनला तिथे रेंज नसेल. या शब्दाचे चार अर्थ आहेत. एक म्हणजे जिथे जाता येत नाही अशी जागा, दुसरा..."

"चार आहेत का? मग यांतल्या कुठल्या अर्थात माणूस घरी येतो, तेवढं सांगा."

मग मला एक आधार सापडला. "वहिनी, ती 'सध्या' म्हणाली. सध्या! म्हणजे आत्तापुरतं."

"तेव्हाही 'सध्या'च म्हणाले होते."

मला त्याच क्षणी गेल्या रविवारचं जेवण आठवलं.

गेल्या रविवारी म्हातारा रादोसाव जाऊन चाळीस दिवस झाल्याचं जेवण होतं. नगरपालिकेचे अध्यक्ष आले होते. निवडणूक जवळ आली की त्यांना मेलेल्यांचा कळवळा येतो. त्यांनी राकियाचा, म्हणजे आमच्या घरगुती दारूचा, पेला उंचावून भाषण केलं. रस्ता येईल, दिवे येतील, आणि "आजपासून या भागात आमच्यासाठी काहीही नेदोस्तुपान राहिलेलं नाही!" असं म्हणून ते श्वास घ्यायला थांबले. तेवढ्यात ओब्राद, तोंडात डुकराच्या सुकवलेल्या मांसाचा तुकडा, शांतपणे म्हणाला, "फक्त तुम्ही. सोमवार ते शुक्रवार."

सगळं टेबल हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी ओब्रादकडे पाहिलं, मग कोण कोण हसतंय ते पाहिलं. मग सावकाश बसले.

वहिनींनाही तेच आठवलं होतं. "ह्यांनी त्यांना तो शब्द दिला," त्या म्हणाल्या, "त्यांनी त्यावर ह्यांचं नाव घालून परत पाठवला."

हे अगदी बरोबर बसत होतं. आयुष्यभर मी लोकांना हसवून पोट भरलं, त्यामुळे एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. विनोद करणाऱ्याला पकडतात ते शेवटी. आधी हसणाऱ्यांना बोलावतात. आणि मी त्या दिवशी दोनदा हसलो होतो. पहिल्यांदा विनोदाला, दुसऱ्यांदा अध्यक्षांच्या चेहऱ्याला.

दारात बोगिच उभा होता. बोगिच आमचा तिसरा शेजारी. त्याच्याकडे ट्रॅक्टर आहे आणि गावातली प्रत्येक बातमी त्याच्याकडे दोनदा येते. ही बातमी त्याने खिडकीतून ऐकली होती.

"मी हसलो नव्हतो," तो म्हणाला.

"कोणी विचारलं का?"

"नाही, पण सांगून ठेवतो. मला ठसका लागला होता."

"टेबलावर मूठ आपटत होतास."

"जोराचा ठसका होता."

"'आणखी एक हाण, ओब्राद' असं ओरडलास तू."

"राकिया मागत होतो मी! आणखी एक राकिया!" बोगिचने कपाळ पुसलं. "आणि हे बघ गाव्रिलो, तू लिहिणारा माणूस. तुला ओरडायचीही गरज नसते. तू नुसता बसलास तरी ते मोजतात."

मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतोस. आणि उठून खिडकी लावून घेतली.

वहिनी मात्र गप्प बसल्या नाहीत. आम्हा दोघांना घेऊन त्या आपल्या घरी आल्या. भ्यालेल्या माणसाचे हात चालू लागले की थांबत नाहीत. त्यांनी ओब्रादचा चांगला कोट खुंटीवरून काढला आणि गाठोडं बांधलं, त्यात लोकरी मोजे, पाव, चीज आणि गुडघ्याला लावायचं मलम. हे कुठे न्यायचं ते त्यांना माहीत नव्हतं. पण आईने तेव्हा बांधलं नव्हतं, ते राहून गेलं होतं. मग फोनकडे बोट दाखवून त्या कुजबुजल्या, "हा ऐकतोय," आणि त्याला तळघरात नेऊन बटाट्यांच्या ढिगाखाली पुरून आल्या.

दुपारच्या जेवणाची वेळ टळली. ताटात झाकून ठेवलेली मक्याच्या पिठाची घट्ट उकड गार होऊन फुटली. ओब्राद आला नाही. सुळक्याकडून धुकं उतरायला लागलं, आधी वरची झाडं गेली, मग कुंपण. आम्ही तिघं त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. वर जाऊन बघावं असं मी म्हटलं नाही. बोगिचनेही म्हटलं नाही. वर जाऊन खोपट रिकामं सापडलं तर खाली येऊन या बाईला काय सांगायचं, हा विचार दोघांच्याही चेहऱ्यावर स्पष्ट होता, आणि म्हणून आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो.

"भावजी," वहिनी मध्येच म्हणाल्या, "उद्या देवळात जायचं. वर लावू की खाली?"

मी उठून चुलीत लाकूड सारलं.

आणि तेव्हा गाडीचा आवाज आला.

आमच्या रस्त्याने गाडी येते तेव्हा दगड आधी ओरडतात. धुक्यातून दोन दिवे निघाले, मग निळी जीप. बोगिच मागच्या दाराने कसा गेला ते मी पाहिलं नाही. इतकंच दिसलं की गवताच्या गंजीला अचानक दोन बूट फुटले होते.

टोपी घातलेला माणूस उंबऱ्यावर उभा राहिला. तो वुकोता होता, खालच्या चौकीतला पोलीस, ज्याच्या बारशाला आम्ही सगळे नाचलो होतो. पण टोपी ती टोपीच. वहिनींना वुकोता दिसत नव्हता. त्यांना फक्त टोपी दिसत होती.

वुकोताने घसा साफ केला. चौकीत त्याला सरकारी भाषेची सवय लागली आहे. "ओब्राद आणि स्तामेना हे दोघे नागरिक नेदोस्तुपान असल्याची तक्रार आली आहे," तो म्हणाला.

दोघे! म्हणजे यादी वाढत चालली होती.

वहिनी उठल्या. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा नीट बांधला. गाठोडं काखेत घेतलं आणि दोन्ही हात वुकोतापुढे धरले.

"मी इथे आहे," त्या म्हणाल्या. "माझ्यापर्यंत पोचलास. आता ने. पण या घरात बसायचं नाही कोणी. या वेळी नाही."

वुकोता त्या हातांकडे बघत राहिला. "काकू, हात कशाला पुढे केलेत? हातात काही देऊ का?"

"बेड्या घाल."

"बेड्या? अहो काकू, काय बोलताय! तुमच्या नोवित्साने पोदगोरित्साहून फोन केला चौकीत. बाबांचा फोन लागत नाही, आईचा लागत नाही, दोघं नेदोस्तुपान आहेत म्हणे. रडत होता तो. जाऊन बघ म्हणाला. म्हणून आलो. तुमचा फोन कुठाय?"

"बटाट्यांखाली," मी म्हटलं.

वुकोताने यावर काही विचारलं नाही. पोलिसाच्या नोकरीत काही गोष्टी न विचारल्यानेच बढती मिळते.

मला हसू फुटलं. पोटातून आलं, थांबवता येईना. गवताच्या गंजीतूनही ठसक्यासारखा आवाज आला. पण वहिनी हसल्या नाहीत. त्या वुकोताच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, पहिल्यांदाच टोपीच्या खाली.

"म्हणजे तुम्ही त्यांना नेलेलं नाही?"

"नाही हो, काकू."

"अध्यक्षांनी सांगितलं नाही न्यायला?"

"अध्यक्ष? आज मंगळवार आहे. अध्यक्ष मंगळवारी कोणाला सापडतात?"

"मग," वहिनींनी विचारलं, "ते कुठे आहेत?"

माझं हसू जिथे होतं तिथेच थिजलं. इतका वेळ आम्ही अध्यक्षांना भीत होतो, आणि त्या भीतीत एक सोय होती. अध्यक्ष ज्याला पकडतात तो माणूस निदान कुठेतरी असतो. आता ती सोय गेली होती. राहिला होता एक गुडघेदुखीवाला म्हातारा, एक उचकटलेलं छप्पर, एक धुक्याने भरलेला डोंगर आणि टळून गेलेली जेवणाची वेळ. शब्दाचा जो अर्थ मी पहिला म्हणून सांगितला होता, साधा, निरुपद्रवी, सुळक्यांसाठी वापरायचा, तोच सगळ्यांत वाईट निघाला.

आम्ही जीपमध्ये बसलो. बोगिच अंगावरचं गवत झटकत आला आणि मागे चढला.

रस्ता संपतो तिथे जीप ठेवून आम्ही चालू लागलो. धुकं इतकं दाट होतं की पुढे चालणाऱ्या वहिनींचा फक्त रुमाल दिसत होता. त्या थांबत नव्हत्या. मला धाप लागली होती, पण थांबावं असं म्हणायची लाज वाटत होती. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. वुकोता अधूनमधून "ओब्राद काका!" अशी हाक मारायचा आणि धुकं ती गिळून टाकायचं.

खोपट एकदम समोर आलं. कुंपणाच्या खांबावर ओब्रादचा कोट लटकत होता, ओला. वुकोताने त्या कोटाच्या खिशात हात घातला आणि ओब्रादचा मोबाइल बाहेर काढला. वहिनी तिकडे बघत नव्हत्या. त्या भिंतीजवळच्या गवताकडे बघत होत्या. तिथे शिडी आडवी पडली होती.

शिडीशेजारी कोणी नव्हतं. खोपटामागे घळ आहे. फार खोल नाही. म्हाताऱ्या माणसाला पुरेल एवढी.

बोगिच घळीच्या काठापर्यंत गेला, वाकून पाहिलं आणि परत आला. "धुकं आहे," तो म्हणाला. "काही दिसत नाही." त्याच्या दाढीला पाणी लागलं होतं. वुकोताने खोपटाचं दार ढकललं, आत पाहिलं, बाहेर येऊन मान हलवली. मग त्याने टोपी काढली. मुद्दाम नाही, घाम पुसायलाच काढली असेल. पण काढली, आणि परत घालायला विसरला.

वहिनींनी त्याच्या हातातली ती टोपी पाहिली, आणि आमच्याकडे टोपी काढतात ती मेलेल्यासाठी.

त्यांच्या पिढीतल्या बायका नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत. 'ते', 'आमचे हे', फार झालं तर 'अहो, ऐकता का'. लग्नातसुद्धा वहिनींनी ते नाव धर्मगुरूंच्या मागे पुटपुटलं असेल तेवढंच. त्या वहिनींनी गाठोडं गवतात टाकलं, धुक्याकडे तोंड केलं आणि छाती फाटेल अशा आवाजात ओरडल्या:

"ओब्राद!"

घळीतून ती हाक परत आली. नंतर काही नाही. नुसतं ठिबकणारं पाणी. मी डोळे मिटले.

"हळू की जरा," वरून कोणीतरी म्हणालं.

आम्ही सगळ्यांनी मान वर केली. छपरावर, धुराड्याच्या मागे काहीतरी काळं चपटं पडलं होतं.

"तुम्ही?" वहिनींचा आवाज ओळखू येत नव्हता.

"मीच. तो गेला का?"

"कोण?"

"टोपीवाला."

वहिनींनी वुकोताकडे पाहिलं. वुकोताने घाईघाईने टोपी डोक्यावर घातली, मग काढली. "इथेच आहे," वहिनी म्हणाल्या.

"मग मी इथे नाही," ओब्राद म्हणाला.

सगळा प्रकार तुकड्यातुकड्याने बाहेर आला. सकाळी तो वर चढला आणि शिडी घसरली. गुडघ्यामुळे उडी मारता येईना. फोन कोटात, कोट कुंपणावर. हाताच्या अंतरावर नव्हे, पण नजरेच्या अंतरावर, दिवसभर. "आणि त्या पोराने सांगितलं होतं मला," ओब्राद वरून म्हणाला, "की इथे रेंज फक्त छपरावर येते. छपरावर मी होतो. फोन नव्हता."

"मग आम्ही आलो तेव्हा ओ का दिली नाहीस?" मी ओरडलो.

"धुक्यातून टोपी दिसली. म्हटलं, आला. रविवारच्या बोलण्याचा निरोप आला. पडून राहिलो. तासभर आणखी पडून राहिलं तर काय बिघडतं?"

"काय बिघडतं?" वहिनी फुटल्या. आता त्या रडत होत्या आणि शिव्या देत होत्या, दोन्ही एकाच श्वासात. "मी इकडे मरत होते! टोपी काढली त्याने, टोपी! उद्या देवळात जाऊन मेणबत्ती कुठे लावायची हे भावजींना विचारत बसले होते मी, वर की खाली, आणि तुम्ही इथे मांजरासारखे पसरलात!"

ओब्रादने विचार केला. "वरच लाव," तो म्हणाला. "मी वरच आहे."

बोगिच हसला. मग त्याने चटकन वुकोताकडे पाहिलं आणि खोकला. वुकोता स्वतःच हसत होता, तोंडावर टोपी धरून. वहिनी गवतात बसल्या, पदरासारखा रुमाल तोंडाला लावला आणि कितीतरी वेळ त्यांचे खांदे हलत राहिले. हसत होत्या की रडत होत्या, ते मला सांगता येणार नाही.

वुकोताने शिडी उचलून भिंतीला लावली, खालून दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि म्हणाला, "या काका, सावकाश उतरा."

ओब्रादने वळचणीवरून डोकं बाहेर काढलं, शिडीकडे पाहिलं, मग वुकोताकडे, मग पुन्हा छपराकडे.

"शिडी लावलीच आहेस, बाळा," तो म्हणाला, "तर ती खिळ्यांची डबी तेवढी वर दे. दोनच फळ्या राहिल्यात."